मनोरा नसलेली धावपट्टी

(शाळेच्या विज्ञान मंडळात शिक्षकांनी मुलांसमोर केलेले भाषण)



एस.टी.ने घाटातून कधीच गेला नाही, असा मुलगा किंवा मुलगी आपल्या शाळेत शोधूनही सापडणार नाही. घाटात अवघड वळण आले, की चालक काय करतो? तो वेग कमी करतो आणि जोराने हॉर्न देतो. पलीकडून कोणी येत आहे की नाही, हे त्याला दिसत नसते. मध्ये डोंगराचा कडा असतो. तिथे शिट्टी वाजवणारा पोलीस नसतो, तांबडा-हिरवा दिवाही नसतो. म्हणून चालक हॉर्न देऊन सांगतो, 'मी येतो आहे बरे!' पलीकडचा चालकही हॉर्न देतो. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नसते. पण दोघांनाही एकमेकांची खबर लागते.

आज मी तुम्हांला अशाच एका हॉर्नविषयी सांगणार आहे. पण हा हॉर्न मोटारीचा नाही, विमानाचा आहे. तो वाजवत नाहीत, तो बोलावा लागतो. आणि तो ऐकण्यासाठी आपल्याला दूर ऑस्ट्रेलियात जावे लागेल.

ऑस्ट्रेलियाचा नकाशा तुम्ही पाहिला आहे. फार मोठा देश आहे तो. आपल्या महाराष्ट्राएवढे साधारण पंचवीस तुकडे त्यात मावतील. पण माणसे किती? पावणेतीन कोटींच्या आसपास. आपल्या एकट्या महाराष्ट्रात त्याच्या चौपटीहून अधिक माणसे राहतात. ऑस्ट्रेलियातील बहुतेक लोक समुद्रकाठच्या शहरांत राहतात. आतल्या बाजूला मैलोन्‌मैल माळरान, तांबडी माती आणि वाळवंट. तिथे मेंढ्या आणि गुरे पाळणारी घरे आहेत; पण एका घरापासून दुसरे घर कधी कधी पन्नास-शंभर किलोमीटर दूर असते. अशा ठिकाणी कोणी आजारी पडले, तर डॉक्टर कसा यायचा?

जॉन फ्लिन नावाच्या एका धर्मोपदेशकाला हाच प्रश्न सतावत होता. त्यांनी ठरवले, की रस्त्याने नाही तर आकाशातून डॉक्टर न्यायचा. १९२८ साली मे महिन्यात क्लॉनकरी या गावातून डॉक्टरला घेऊन पहिले विमान उडाले. 'उडते डॉक्टर' म्हणून ही सेवा जगभर प्रसिद्ध झाली आणि ती आजही चालू आहे. तिच्यासाठी आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने एक गमतीचा रेडिओ तयार केला. सायकलसारखे पायडल मारले, की त्यातून वीज तयार व्हायची आणि त्या विजेवर रेडिओ चालायचा. घरात आई पायडल मारता मारता डॉक्टरला मुलाचा ताप सांगत असे! पुढे १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे रेडिओवरची शाळाही सुरू झाली. शिक्षक एका ठिकाणी आणि मुले शेकडो किलोमीटरवर विखुरलेली. हजेरी रेडिओवर, धडाही रेडिओवर. तेव्हा रेडिओवर नेमके आणि थोडक्यात बोलणे ही त्या देशातील लोकांची जुनी सवय आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

अशा देशात छोटी विमाने फार. डॉक्टर विमानाने येतो, टपाल विमानाने येते, शेतावर औषध विमानाने फवारतात. काही शेतकऱ्यांचे स्वतःचे विमान असते. मग त्यांना उतरायला धावपट्टी हवी. धावपट्टी म्हणजे विमानाने धावण्याचा सरळ, सपाट रस्ता. कुठे ती डांबरी असते, कुठे नुसत्या मातीची, तर कुठे गवताची. कधी उतरण्यापूर्वी तिच्यावरून कांगारू हाकलावे लागतात.

मुंबईच्या विमानतळावर एक उंच मनोरा आहे. त्याला नियंत्रण मनोरा म्हणतात. त्याच्या वरच्या मजल्यावर चारी बाजूंनी काचा असतात. तिथे बसलेले नियंत्रक प्रत्येक विमानाला रेडिओवर आज्ञा देतात. 'तुम्ही थांबा.' 'तुम्ही उतरा.' 'तुम्ही आता निघा.' मनोऱ्याने परवानगी दिल्याशिवाय कोणीही धावपट्टीवर चाक ठेवत नाही. सिडनी, मेलबर्न अशा मोठ्या विमानतळांवरही असेच असते.

पण ऑस्ट्रेलियात असे मनोरे आहेत तिसाच्या आसपास, आणि धावपट्ट्या आहेत शेकड्यांनी. म्हणजे बहुतेक धावपट्ट्यांना मनोराच नाही. तिथे 'थांबा' म्हणणारे कोणी नाही आणि 'निघा' म्हणणारेही कोणी नाही. वैमानिकांनी आपले आपण ठरवायचे.

मग तिथे गोंधळ होत नाही का? एरवी होत नाही. कारण सर्वांनी काही रीती पाळायच्या असतात.

पहिली रीत वाऱ्याची. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरते. पतंग उडवताना तुम्ही वाऱ्याची दिशा पाहता, तशीच वैमानिकही पाहतो. धावपट्टीजवळ एका खांबावर दोन्ही तोंडे उघडी असलेली, निमुळती कापडी नळी बांधलेली असते. वारा आला, की ती फुगते आणि वारा ज्या दिशेला जात असेल त्या दिशेला तिचे शेपूट जाते. ती पाहून कोणत्या बाजूने उतरायचे ते ठरते.

दुसरी रीत क्रमांकाची. ही नीट समजून घ्या, कारण पुढची सारी गोष्ट एका क्रमांकावरच अवलंबून आहे. होकायंत्राच्या वर्तुळाचे ३६० अंश असतात. पूर्व म्हणजे ९० अंश, दक्षिण १८०, पश्चिम २७० आणि उत्तर ३६०. विमान धावपट्टीवर ज्या दिशेने धावणार, त्या दिशेच्या अंशांतील शेवटचे शून्य काढून टाकले, की धावपट्टीचा क्रमांक मिळतो. पूर्वेकडे धावायचे असेल तर ०९. उत्तरेकडे धावायचे असेल तर ३६. आता गंमत पाहा. तीच धावपट्टी उलट बाजूने वापरली, तर तिचा क्रमांक बदलतो. ०९ ची होते २७ आणि ३६ ची होते १८. दोन्ही टोकांच्या क्रमांकांतील फरक नेहमी १८ असतो. का, ते तुमच्या गणिताच्या गुरुजींना विचारा.

अंश पुरते दहाच्या पटीत नसले, तर जवळचा आकडा घेतात. ३५२ अंश असतील तर क्रमांक ३५.

तिसरी रीत फेरीची. देवळात प्रदक्षिणा घालताना सगळे एकाच दिशेने जातात. एखादा उलटा निघाला, तर धक्काबुक्की होईल. धावपट्टीभोवतीही विमाने अशीच फेरी घालतात. फक्त आपली प्रदक्षिणा उजवीकडे वळत जाते आणि विमानांची फेरी बहुतेक ठिकाणी डावीकडे वळत जाते. वैमानिक डाव्या बाजूच्या आसनावर बसतो, त्यामुळे डावीकडे वळताना त्याला धावपट्टी चांगली दिसते. ही फेरी साधारण एक हजार फूट उंचीवरून घालतात. फेरीत कोण पुढे आहे, कोण मागे आहे ते पाहायचे, आपला क्रम सांभाळायचा आणि मग उतरायचे.

आणि चौथी रीत म्हणजे तो आपला हॉर्न. रेडिओवर बोलण्याची रीत.

आकाशवाणीचे केंद्र लावताना आपण रेडिओची कळ फिरवतो. एका ठरावीक आकड्यावर ते केंद्र ऐकू येते. तसाच प्रत्येक धावपट्टीसाठी रेडिओचा एक आकडा ठरलेला असतो. वेगळा आकडा नेमून दिलेला नसेल, तिथे १२६.७ हा आकडा लावायचा. त्या भागात येणारा प्रत्येक वैमानिक तोच आकडा लावतो आणि आपण कोण आहोत, कुठे आहोत, काय करणार आहोत हे सांगतो. हे बोलणे कोणा एकाला उद्देशून नसते. चावडीवर दवंडी द्यावी, तसे ते सर्वांसाठी असते. उदाहरणार्थ, मिल्डुरा नावाच्या गावी वैमानिक साधारणपणे असे म्हणेल :

'मिल्डुरा येथील सर्व विमाने ऐका. मी छोटे पायपर विमान, अल्फा ब्राव्हो चार्ली. धावपट्टी तीन सहाकडे निघालो आहे. मिल्डुरा.'

अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही माणसांची नावे नव्हेत. इंग्रजीतील ए, बी, सी ही अक्षरे रेडिओवर सारखीच ऐकू येतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक स्पष्ट शब्द दिलेला आहे. आणि 'छत्तीस' न म्हणता 'तीन सहा' का? तर एकेक अंक सुटा बोलला, की चुकीचे ऐकण्याची शक्यता कमी होते. गावाचे नाव मात्र आरंभीही आले आणि शेवटीही आले. कारण जवळजवळच्या दोन-तीन धावपट्ट्यांचा रेडिओचा आकडा कधी कधी एकच असतो. सुरुवातीचे नाव खरखरीत हरवले, तर निदान शेवटचे तरी ऐकू यावे!

या रेडिओची एक खोड आहे. दोन वैमानिकांनी एकाच क्षणी बोलण्याचे बटण दाबले, तर दोघांचाही आवाज एकमेकांत मिसळतो आणि ऐकणाऱ्यांना नुसती शिट्टी किंवा खरखर ऐकू येते. बोलणाऱ्या दोघांना तर याचा पत्ताही नसतो. प्रत्येकाला वाटते, की आपण सांगितले आणि सर्वांनी ऐकले. म्हणून बोलण्यापूर्वी क्षणभर थांबून ऐकायचे असते. वर्गात सगळे एकदम 'सर, मी सांगतो, मी सांगतो' करू लागले, की मला कोणाचेच उत्तर कळत नाही. तसलाच हा प्रकार.

आता मिल्डुरा येथे काय घडले ते ऐका.

मिल्डुरा हे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील गाव. ते मरे नावाच्या मोठ्या नदीच्या काठी वसले आहे. आपल्या नाशिक-सांगलीकडे जशी द्राक्षे पिकतात आणि बेदाणे होतात, तशीच तिथेही द्राक्षे पिकतात आणि बेदाणे होतात. तिथल्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. एक पूर्व-पश्चिम आणि दुसरी दक्षिणोत्तर. मोठमोठ्या शहरांकडे जाणारी प्रवासी विमानेही तिथे येतात. पण २०२३ साली तिथे मनोरा नव्हता. शिवाय विमानतळावरील इमारती, झाडे आणि जमिनीचा चढउतार यांमुळे एका धावपट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या वैमानिकाला दुसरीच्या टोकाला उभे असलेले विमान दिसत नाही. घाटातला कडाच म्हणा ना.

६ जून २०२३ या दिवशी तिथून दोन विमाने निघण्याच्या तयारीत होती. एक होते पायपर जातीचे छोटे विमान, एका पंख्याचे. दुसरे होते डॅश-८ जातीचे, दोन पंख्यांचे मोठे विमान. त्यात प्रवासी बसलेले होते. छोटे विमान ३६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उत्तरेकडे उडणार होते. मोठे विमान ०९ वरून पूर्वेकडे उडणार होते. म्हणजे दोघांची वाट एका ठिकाणी एकमेकांना छेदत होती.

छोट्या विमानाच्या वैमानिकाने रीतीप्रमाणे रेडिओवर सांगितले. पण सांगताना त्याने ३६ ऐवजी ३५ म्हटले. पाढे म्हणताना जीभ एका घराने घसरते ना, तेवढाच हा फरक. पण मिल्डुऱ्याला ३५ क्रमांकाची धावपट्टीच नाही! नदीपलीकडे थोड्या अंतरावर वेंटवर्थ नावाचे गाव आहे. तिथे मात्र ३५ क्रमांकाची धावपट्टी आहे. आणि मिल्डुरा व वेंटवर्थ या दोन्ही ठिकाणांचा रेडिओचा आकडा एकच. मोठ्या विमानातील वैमानिकांनी ३५ हा आकडा ऐकला. त्यांनी विचार केला, 'पस्तीस? मग हे विमान इथले नव्हे. ते तिकडे वेंटवर्थला असणार.'

त्यांचा विचार अगदी तर्काला धरून होता. पण तो खरा नव्हता. ते विमान त्यांच्याच विमानतळावर होते, झाडांच्या आणि इमारतींच्या पलीकडे.

इकडे छोट्या विमानाच्या वैमानिकालाही मोठे विमान आता ०९ वरून निघत आहे, हे उमगले नव्हते. धावपट्टीवर धावायला सुरुवात करण्याच्या क्षणी 'मी आता धावू लागलो आहे' अशी एक हाक देता येते. पण मोठ्या विमानाने ती दिली नाही. आणि ती दिलीच पाहिजे, असा नियमही नव्हता.

दोन्ही विमाने धावू लागली.

छोटे विमान दोन धावपट्ट्यांच्या छेदावरून पुढे गेले. त्याच्या मागून, सुमारे सहाशे मीटर अंतरावरून, मोठे विमान आडवे पार झाले. टक्कर झाली नाही. कोणाला खरचटलेही नाही. प्रवासी आपापल्या ठिकाणी सुखरूप पोहोचले.

तुम्ही म्हणाल, सहाशे मीटर म्हणजे पुष्कळच की! शाळेपासून बाजारापर्यंतचे अंतर. चालत जायला सात-आठ मिनिटे लागतात. पण विमान चालत नाही. आपण हिशेब करू. विमान ताशी २०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर एका सेकंदात ते सुमारे ५५ मीटर जाते. सहाशे मीटर जायला त्याला किती सेकंद लागतील? भागाकार करा. साधारण अकरा सेकंद! मी आता हे वाक्य बोलून खाली बसेपर्यंत अकरा सेकंद निघून जातील. छोटे विमान तेवढे मागे राहिले असते तर?

या घटनेची चौकशी ऑस्ट्रेलियातील वाहतूक सुरक्षा संस्थेने केली. या संस्थेची एक पद्धत मला फार आवडते. चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला, हे ठरवण्यासाठी ती चौकशी करत नाही. असे पुन्हा घडू नये म्हणून काय करता येईल, एवढेच ती शोधते. वैमानिकांची नावेही ती छापत नाही. त्यामुळे लोक घडलेले खरे खरे सांगतात. संस्थेने चुकीच्या आकड्याची नोंद केली. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने असे दाखवून दिले, की जिथे विमाने एकमेकांना दिसत नाहीत, तिथे धावण्यापूर्वीची ती शेवटची हाक सक्तीची नसणे हाच एक धोका आहे. ती हाक दिली असती, तर आकड्याची चूक झाली असूनही दोघे सावध झाले असते. बोलताना जीभ घसरणारच. माणूस आहे तो. म्हणून एका हाकेवर सारे सोपवून चालत नाही. दुसरी हाक हवी, तिसरीही हवी.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्याच मिल्डुऱ्याला पुन्हा एक छोटे विमान आणि एक प्रवासी विमान एकमेकांच्या वाटेत आले. तेव्हाही टक्कर टळली. पण एकाच ठिकाणी एकाच वर्षी दोनदा असे घडावे, याचा सर्वांनीच गंभीरपणे विचार केला.

आता तुमच्यापैकी एखादा हुशार मुलगा म्हणेल, 'सर, रेडिओ कशाला हवा? वैमानिकाला डोळे आहेत ना! त्याने नीट पाहावे.' बरोबर आहे, पाहायलाच हवे. पण आकाशात पाहणे वाटते तितके सोपे नसते.

क्रिकेट खेळताना उंच उडालेला झेल तुम्ही घेतला आहे का? चेंडू अगदी तुमच्याच हातात येणार असेल, तर तो आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. तो डावीकडे सरकत नाही, उजवीकडे सरकत नाही. नुसता मोठा मोठा होत जातो. आपल्यावर येऊन आदळणारे विमानही अगदी तसेच दिसते. काचेवर एक बारीक ठिपका. तो हलत नाही. आपले डोळे हलणारी वस्तू चटकन टिपतात. न हलणारा ठिपका त्यांना काचेवरचा डाग वाटतो. आणि शेवटच्या काही सेकंदांत तो ठिपका एकाएकी मोठा होतो.

शिवाय विमानाचे स्वतःचे पंखही आड येतात. काही विमानांचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असतात. त्याला वरचे दिसत नाही. काहींचे पंख खाली असतात. त्याला खालचे दिसत नाही. आता खाली पंख असलेले विमान वर आहे आणि वर पंख असलेले विमान त्याच्या बरोबर खाली आहे, अशी कल्पना करा. दोघेही उतरत आहेत. दोघांचेही डोळे चांगले आहेत. तरी दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही!

१९९१ साली ऑस्ट्रेलियात या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली आहे. दुसरे विमान आहे आणि ते अमुक बाजूला आहे, असे आधी कोणी सांगितले असेल, तर ते शोधण्याचे काम आठपट चांगले होते. यात नवल नाही. पिंपळात बसलेला पोपट आपल्याला दिसत नाही. पण कोणी म्हणाले, 'अरे, ती वाकडी फांदी बघ, तिच्या टोकाला', की लगेच दिसतो. पोपट तोच, डोळे तेच. मधे फक्त एक वाक्य आले.

सगळ्याच गोष्टींचा शेवट मिल्डुऱ्यासारखा होत नाही. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, २८ जुलै रोजी क्वीन्सलँड राज्यात कॅबुल्चर येथे अपघात झाला. ब्रिस्बेन शहराच्या उत्तरेला हे गाव आहे. तिथेही मनोरा नाही. तिथेही एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या आहेत आणि त्यांच्या मध्ये झाडांची दाट राई होती. इंजीन नसलेल्या ग्लायडरला दोरीने ओढून वर नेणारे एक विमान उतरत होते. तेवढ्यात त्याच्या धावपट्टीवरून एक तिसरे विमान आडवे जाताना त्या वैमानिकाला दिसले. म्हणून त्याने न उतरता विमान पुन्हा वर घेतले. असे करणे योग्यच असते. पण त्याच वेळी दुसऱ्या धावपट्टीवरून एक छोटे जॅबिरू विमान उडाले होते. झाडांमुळे दोघांनी एकमेकांना वेळेवर पाहिले नाही. दोन्ही विमाने हवेत एकमेकांवर आदळली. ग्लायडर ओढणारे विमान कसेबसे खाली उतरले. जॅबिरूमधील दोघेजण मात्र मरण पावले.

त्या झाडांचा चौकशी अहवालात स्पष्ट उल्लेख आहे. झाडांमुळे आणि इमारतींमुळे दुसऱ्या धावपट्टीवरचे विमान दिसत नाही, या धोक्याची वैमानिकांना पुरेशी जाणीव करून दिलेली नव्हती, असे त्यात म्हटले आहे. रोज तिथे येणाऱ्यांना झाडे ठाऊकच होती. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडेच माणसाचे दुर्लक्ष होते, नाही का?

मग सगळीकडे मनोरे का बांधत नाहीत? मनोरा बांधायला पैसा लागतो आणि तो चालवायला शिकलेली माणसे लागतात. ज्या धावपट्टीवर दिवसाला दोन-चारच विमाने येतात, तिथे मनोऱ्यात बसून नियंत्रक काय करणार? म्हणून इतर उपाय शोधले गेले. बॅलिना या समुद्रकाठच्या गावी २०२१ मध्ये एक नवी सोय सुरू झाली. दूरच्या शहरात बसलेली माणसे पडद्यावर विमाने पाहत आणि रेडिओवर वैमानिकांना सांगत, 'तुमच्या उत्तरेला एक विमान आहे.' ती आज्ञा देत नसत, फक्त बातमी देत. दुसरा उपाय एका लहानशा यंत्राचा. हे यंत्र विमानात बसवले, की ते आपण कुठे आहोत हे सतत आपोआप कळवत राहते आणि इतर विमानांतील पडद्यावर तो ठिपका दिसतो. वैमानिकाची जीभ घसरली, तरी यंत्राची घसरत नाही. छोट्या विमानांच्या मालकांनी ते घ्यावे, म्हणून ऑस्ट्रेलिया सरकारने २०२२ मध्ये त्याच्या खर्चाचा काही भाग देण्याची योजना सुरू केली.

काही धावपट्ट्यांवर आणखी एक मजेदार यंत्र असते. बराच वेळ रेडिओवर कोणी बोलले नसेल आणि तुम्ही बटण दाबून बोललात, तर ते यंत्र त्या धावपट्टीचे नाव घेते. थोड्याच वेळापूर्वी कोणी बोललेले असेल, तर नुसती 'बीप' अशी शीळ घालते. म्हणजे आकडा बरोबर लावला आहे, हे वैमानिकाला कळते. एकट्या माणसाला ओसाड माळावरून 'ओ' मिळाल्यासारखे वाटत असेल!

पण हे सारे असले, तरी जुन्या विमानांत हे नवे यंत्र नसते. काहींत तर रेडिओही नसतो, आणि काही ठिकाणी तो नसला तरी चालतो. म्हणून तिथले शिक्षक नव्या वैमानिकांना शिकवतात, की रेडिओवर कोणी बोलत नाही, म्हणजे धावपट्टी रिकामी आहे असे समजू नका. धावपट्टीवर चाक ठेवण्यापूर्वी डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, वरही पाहा. उतरणारे विमान वरून येत असते ना!

बरे, आता घंटा व्हायला थोडाच वेळ आहे. उद्या खेळाच्या तासाला आपण प्रयोगशाळेतील होकायंत्र मैदानावर नेऊ. आपल्या खो-खोच्या मैदानाच्या एका खांबाजवळ उभे राहायचे, दुसऱ्या खांबाकडे तोंड करायचे आणि अंश मोजायचे. मग चुन्याने त्या टोकाला क्रमांक लिहू. समोरच्या टोकाचा क्रमांक मात्र कोणी मोजायचा नाही. तो तुम्ही मला मनात हिशेब करून सांगायचा. आणि सांगताना एकेक अंक सुटा, स्पष्ट म्हणायचा. शेवटच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेला पाहिजे.